जुन्या थारच्या मागच्या चाकांना स्पेसर: आठ महिने, नऊ हजार किलोमीटर

जुन्या थारकडे, म्हणजे 2020 च्या आधीच्या सीआरडीई डिझेल इंजिनवाल्या मॉडेलकडे, कधी बरोबर मागून बघा. पुढची चाकं ऐटीत बाहेर आणि मागची अंग चोरून आत. पुढचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, 1445 मिलिमीटर, मागचा 1346. एका बाजूला जवळजवळ पाच सेंटिमीटरची तफावत. कंपनीनेच तशी बनवली आहे, बिघाड नव्हे. पण डोळ्याला खुपतं ते खुपतंच. बाबा म्हणायचे, "हिला मागून कुणीतरी चिमटीत धरलंय."

दिवाळीनंतर मागच्या दोन्ही चाकांना 25 मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, आणि लांब स्टड (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) बसवले. सरळ 50 चे टाकून पुढची-मागची चाकं एका रेषेत आणता आली असती, पण हाव केली नाही. भरलेली पिशवी अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच फरक चाक बाहेर गेल्यावर बेअरिंगला पडतो. पुढच्या चाकांना तर हातच लावला नाही. ती वळतात, तिथे स्पेसर टाकला की खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देतं.

बाजारात स्पेसर दोन तऱ्हेचे. एकाला स्वतःचेच स्टड असतात: तो आधी हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, नटांनी आवळायचा आणि चाक त्याच्यावर. दुसरा म्हणजे नुसती भोकं असलेली जाड चकती, तिला लांब स्टड लागतात. मी दुसरा घेतला. पहिल्यात आतले नट चाकामागे दडतात, चाक उतरवल्याशिवाय ते ढिले झालेत का हे कळायचा मार्ग नाही. माझ्यात जे आहे ते बाहेरून दिसतं. बदल्यात एक पूर्ण दिवस गॅरेजमध्ये बसावं लागलं, कारण जुने स्टड काढून नवे दाबून बसवायचे होते. मूळ स्टड सोबत घेऊनच दुकानात गेलो. आटे तर जुळायलाच हवेत, पण मुळाशी जे दाते असतात त्यांची जाडीही तीच हवी, नाहीतर नट आवळताना स्टडच गोल फिरतो.

इंदूरला देवास नाक्याजवळच्या गॅरेजात मिस्त्रीने हातोडा उचललाच होता. प्रेसवर दाबून काढा म्हणून अडून बसलो, तेव्हा जरा तोंड वाकडं झालं त्याचं. संध्याकाळी चाक चढवलं, नट आवळायची गन चालवली आणि "हो गया भिया" म्हणून तो चहाला गेला. मी खाली वाकून बघितलं. पाचही नट पान्याने जरासुद्धा हलत नव्हते आणि तरी स्पेसर आणि हबवरच्या ब्रेक ड्रमच्या मध्ये माझं नख जात होतं! नट होते मूळचे, टोपीवाले. लांब स्टडचं टोक टोपीला आतून टेकलं होतं. नट स्टडवर आवळला गेला होता, चाकावर नाही. तसाच घरी निघालो असतो तर सुदामा नगरच्या आधीच चाक आमच्या पुढे गेलं असतं. आरपार भोकाचे नट मागवले, तोवर गाडी तिथेच. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी आत चढला पाहिजे, एवढं स्वतः फेरे मोजून बघा. आणि नटाची बैठक चाकाच्या खाचेसारखीच हवी: निमुळत्या खाचेला निमुळता, सपाटला सपाट.

साठ किलोमीटरवर पुन्हा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) लावला. दहापैकी तीन नट पाव फेरा फिरले. कारण ड्रमच्या तोंडावर गंजाची पापडी राहिली होती आणि ती चेपली गेली. गाडीचं वजन स्टड पेलतात असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ते चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबाच्या घर्षणावर सगळा खेळ चालतो. मध्ये गंज, रंग, माती काहीही राहिलं की दाब गेला. उतरवून तारेच्या ब्रशने घासलं, पुन्हा आवळलं. शंभरला आणि पाचशेला तपासलं, काही हललं नाही.

मग नवीनच डोकेदुखी. डावं चाक उजव्यापेक्षा बाहेर दिसायला लागलं. मिस्त्री म्हणाला, डावीकडे 20 चा टाकू. मी ओळंबा सोडून आधी फ्लेअरपासून, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या बाहेरच्या काठापासून, मोजलं: सहा मिलिमीटरचा फरक. मग चेसिसच्या पट्टीपासून टायरपर्यंत मोजलं, तर दोन्हीकडे सारखंच. चाकं ठीक होती, पत्रा वाकडा होता. तीन वर्षांपूर्वी डेंटिंग करणाऱ्याने डावा फ्लेअर आत बसवला होता, तोवर चाकच इतकं आत होतं की कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी 20 चा टाकला असता तर पत्र्याची चूक चाकाच्या अंगावर गेली असती.

चालवायला फरक? सिमरोलच्या घाटात मागची बाजू थोडी कमी झुकते, असं मला वाटतं. बायको म्हणते, पैसे घातलेत म्हणून वाटतं. ॲव्हरेज तेवढंच, ऐंशीला थरथर नाही. सहा महिन्यांनी जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवून बघितलं, बेअरिंगला खेळ नाही. चिखल मात्र वाढला. पावसाळ्यात माळव्याची काळी माती काय चीज आहे हे इथल्यांना सांगायला नको. ती आता फ्लेअरच्या बाहेरून उडून मागच्या काचेपर्यंत जाते.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करण्याबद्दल आहे, ते आधी वाचा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. मी कळवलं ते बसवल्यानंतर, हे चुकलंच.

आषाढात चोरलच्या पुढे पंक्चर झालं तेव्हा स्पेसर ड्रमला असा चिकटला होता की लाकडी ठोकळा लावून ठोकावा लागला. लोखंडावर ॲल्युमिनियम, त्यात पाणी. तेव्हापासून फक्त मधल्या हबच्या काठाला ग्रीसचा पातळ हात फिरवतो. तोंडाला आणि आट्यांना अजिबात नाही. प्रत्येक नटावरून चाकावर जाणारी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. बाहेरगावी निघताना ती बघायचं काम बाबांनी आपणहून घेतलंय, चष्मा पुसून, दोन्ही बाजूंना वाकून.