भंडाऱ्यात माखलेला फोन : नऊ महिन्यांनंतर

पाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, हा फोन घेतला. डिसेंबर सरत आलाय, म्हणजे नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यातच लिहिणार होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. खोक्यातून काढलेला फोन आणि लग्नातला नवरदेव, दोघांबद्दल खरं काय ते नंतरच कळतं.

आधी माझा वापर सांगतो, कारण तो जरा वेगळा आहे. मी माळशिरस तालुक्यात एका दैनिकाचा वार्ताहर आहे. लॅपटॉप घरी आहे, पण तो मुलीच्या अभ्यासाला. बातमी लिहिणं, फोटो काढणं, पाठवणं, नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणं, सगळं फोनवर. दिवसाला चार-पाच बातम्या, म्हणजे हजार-दीड हजार शब्द मराठीत टाइप होतात. गेम खेळत नाही, रील बघतो (नाही म्हणणार नाही).

फोनचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रारी बऱ्याच आहेत. दुसरं म्हणजे वीस-पंचवीस हजारांच्या पट्ट्यातले निम्मे फोन आतून सख्खी भावंडं असतात, वरचं अंगडं तेवढं वेगळं. मला २१,५०० ला पडला. ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, ॲमोलेड पडदा, १२० हर्ट्झ, ५,००० एमएएचची बॅटरी, मागे ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि धूळ-पाण्यासाठी आयपी ६४. जुन्या फोनचे दुकानदार अकराशे देत होता. त्यापेक्षा तो आईला दिला.

पहिले पंधरा दिवस खरंच मजेत गेले. पडदा बोटाखालून तुपासारखा सरकायचा. जुन्या फोनवर कीबोर्ड उघडेपर्यंत बातमीतलं पहिलं वाक्य विसरायचो, इथे बोट टेकायच्या आत उघडतो. पाऊण तासात चार्जिंग फुल. बायकोने फोन हातात घेऊन फक्त एवढंच विचारलं, "यात बातम्यांचे पैसे वाढवून मिळतात का?"

मग एप्रिल तापायला लागला.

आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. खोक्यावर पडद्याच्या उजेडाचा आकडा दोन हजार निट्सच्या वर छापलाय. तो आकडा खोटा नाही, पण तो पडद्याच्या छोट्याशा भागाचा, क्षणभराचा असतो. सगळा पडदा उन्हात तेवढा उजळत नाही. बरं, जो काही उजळतो तोही दहा मिनिटंच. फोन तापला की स्वतःला सांभाळायला आपणहून उजेड कमी करतो. अकलूज रोडला एका अपघाताच्या जागी उभा होतो, दुपारचा एक वाजलेला, फोन हातात इस्त्रीसारखा. पडदा इतका मंद झाला की फोटोत काय येतंय ते दिसेना. शेवटी अंदाजाने बटण दाबत सुटलो. तेव्हापासून गाडीच्या डिकीत पांढरा गमछा ठेवतो, डोक्यावर घेऊन त्याच्या सावलीत फोन बघायचा. लोकांना वाटतं पत्रकार तोंड लपवतोय.

गाडीवरून आठवलं. हँडलला लावायचा मोबाइल होल्डर घेतला होता, तो आठवड्यात काढून टाकला. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात ओआयएस असतं, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आत भिंग तरंगतं ठेवलेलं असतं, त्याला मोटरसायकलची सततची कंपनं बाधू शकतात. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या फोनबाबत तशी सूचनाच काढली होती. आमचे रस्ते बघता मला सूचनेची गरज नव्हती. फोन आता खिशात.

आता जे कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत ते. फोन कानाला लावला की पडदा बंद व्हायला हवा, त्यासाठी वरच्या बाजूला एक सेन्सर असतो. पैसे वाचवायला या फोनमध्ये तो खराखुरा बसवलेलाच नाही. फोन कसा धरलाय, कसा हलतोय यावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज दहात दोनदा चुकतो. मग गाल म्यूटचं बटण दाबतो. डेस्कला, म्हणजे दैनिकाच्या कार्यालयात, एकदा ग्रामपंचायतीचा अख्खा निकाल वाचून दाखवला, सतरा उमेदवार, मतांसकट, आणि पलीकडून उपसंपादक फक्त "हॅलो, हॅलो" करत होते. आता महत्त्वाचा फोन आला की सरळ इअरफोन लावतो. पाच-सहाशे रुपयांच्या फोनला जे जमायचं ते साडेएकवीस हजारांच्या फोनला जमत नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

कॉल रेकॉर्डिंगचंही असंच. आमच्या धंद्यात ते लागतं, उद्या कोणी "मी असं बोललोच नव्हतो" म्हटलं तर पुरावा असावा म्हणून. मे २०२२ मध्ये गूगलने बाहेरच्या ॲपांचा रेकॉर्डिंगचा रस्ता बंद केला. आता फोनमध्येच दिलेल्या डायलरवर, म्हणजे नंबर फिरवायच्या ॲपवर, भागवायचं, आणि इथला डायलर बटण दाबताच दोघांनाही ऐकू जाईल असं जाहीर करतो. एका सरपंचांना टँकरबद्दल विचारत होतो. गडी छान खुलून बोलत होता. मी बटण दाबलं, बाईचा आवाज आला, आणि सरपंच गप्प. मग हळूच, "रेकॉर्डिंग लावलंय व्हय? मग थांबा, सचिवाला विचारून सांगतो." अजून सांगतायत. पण खरं बोलायचं तर सभ्यतेच्या दृष्टीने हेच बरोबर आहे. आता वही-पेन परत खिशात आलंय.

मराठी टायपिंगबद्दल मात्र कोणी सविस्तर लिहीत नाही, म्हणून लिहितो. कीबोर्ड वेगवान आहे, शब्द सुचवतोही चांगले. पण "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "शेतकऱ्यांना" हे शब्द बघा. यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडून. दुसऱ्यात साधा र, पायमोड आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. फोनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण डेस्कवर मजकूर जुन्या फाँटात बदलताना ते न दिसणारं चिन्ह गळून पडतं आणि छापून येतं "शेतकर्यांना". शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या बातमीच्या मथळ्यात हे झालं आणि बोलणी मी खाल्ली. नव्या फोनसोबत आलेला कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहीत होता. तो बंद करून दुसरा टाकला, ऱ वेगळा दाबायची सवय लावली, आता ठीक. तुम्ही छापायला मजकूर पाठवत असाल तर दुकानातच "शेतकऱ्यांना" टाइप करून एकेक अक्षर खोडून बघा. दुकानदार वेड्यात काढेल, काढू दे.

बोलून टाइप करण्याचं सांगायचं तर माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ बरं. सरळ गद्य नव्वद टक्के बरोबर उतरतं. गावांच्या नावांशी मात्र वैर आहे. "नातेपुते" म्हटलं की "नाते पुढे" येतं, वाखरीची वखार होते. आणि फोनमधला ल अजून हिंदी वळणाचाच, शाळेत गिरवला तसा नाही. कामात याने काही अडत नाही, पण रोज बघून डोळ्यांना खुपतं.

जून-जुलैमध्ये माउलींची पालखी. फोनची खरी परीक्षा तिथे झाली. यंदा मी जेजुरीपासूनच चाललो. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, आणि तो पालखीपुरता थांबत नाही. माणसं, घोडे, पोलीस, ढोल, कॅमेरे, सगळं पिवळं. माझ्या फोनचं पारदर्शक कव्हर त्या दिवशी पिवळं झालं ते कायमचं. (ही कव्हरं एरवीही सहा महिन्यांत पिवळी पडतात, त्यामुळे कंपनीला दोष द्यायचा की खंडोबाला हे ठरवता येत नाही.) भंडारा स्पीकरच्या जाळीत गेला, चार्जिंगच्या भोकात गेला. फोन चालू राहिला. आयपी ६४ मधला सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही आणि चार म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालतं. लोणंदला आडवा पाऊस आला तेव्हा हा चार मला पटला. पाण्यात बुडवायचा नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

पावसात अडतं ते बोटाच्या ठशाचं. पडद्याखालचा सेन्सर ओल्या बोटाला ओळख देत नाही. वारकऱ्यांच्या उपरण्याला बोट पुसून फोन उघडायचो. शेवटी चार दिवस आकड्यांचं कुलूपच ठेवलं.

आणि रिंगण. सदाशिवनगरचं गोल रिंगण आमच्या तालुक्यातलं, तिथला फोटो हुकला तर वर्षभर ऐकावं लागतं. पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी धावून झाले, आणि मग अश्व सुटले. पुढे माउलींचा, ज्यावर कोणी बसत नाही, आणि त्याबरोबर स्वाराचा. घोडा समोर आला, बटण दाबलं. फोटोत काय? शेपटी आणि धूळ. दुसऱ्या फेरीत जरा आधी दाबलं, तर पताका धरलेला एक म्हातारा आणि कडेला घोड्याचं नाक. झालं असं की उजेड-सावली सारखी करायला हा फोन एका दाबात तीन-चार चित्रं घेतो आणि ती एकत्र शिवत बसतो. उभ्या माणसाला ते चालतं, घोडा थांबत नाही. ५० मेगापिक्सेलचा इथे काही उपयोग नाही. तसंही ते नावालाच, नेहमीच्या फोटोत चार-चार पिक्सेल एक करून हाती साडेबाराच येतात. अंधारात त्याचा फायदा होतो, पण दुकानात ते कोणी समजावत नाही.

शेवटच्या फेरीला व्हिडिओ लावला, फोर-केमध्ये, आणि संध्याकाळी त्यातली एक चौकट काढली. चारही पाय हवेत, मानेवरचे केस उभे, मागे तोंड उघडलेले शेकडो चेहरे. पान एकवर लागली. मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा खाल्ली ती वेगळी. कार्ड टाकायची सोय नाही, त्यामुळे वारीत रोज रात्री निवड करून व्हिडिओ पुसायचं काम. २५६ जीबीचा घ्यायला हवा होता, हा माझा मूर्खपणा, फोनचा नाही.

गर्दीत नेटवर्कचं म्हणाल तर पाच-जीच्या सगळ्या कांड्या भरलेल्या आणि फोटो मात्र जागचा हलत नाही. लाखभर माणसं एकाच टॉवरला लोंबकळल्यावर दुसरं काय होणार? सेटिंगमध्ये जाऊन फोर-जीवर आणायचं, नाहीतर किलोमीटरभर चालून वस्तीवर जायचं. मी दुसरं करायचो, तिथे चहाही मिळायचा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर डेस्कला पोचेपर्यंत त्याचा जीव जातो.

बॅटरीचं थोडक्यात. सुरुवातीला दीड दिवस जायची, आता रात्री नऊला पंधरा टक्के उरते. वारीत दुपारी दोनलाच पॉवर बँक. ऑगस्टच्या अपडेटनंतर आठवडाभर भसाभस उतरत होती, मग आपोआप सुधारली. फोनबरोबर आलेली फुकटची ॲपं आणि लॉक पडद्यावरच्या जाहिराती पहिल्याच दिवशी बंद करा, निम्मी कटकट जाते.

ऑक्टोबरमध्ये चार्जिंग थांबलं. वायर बदलली, चार्जर बदलला, काही नाही. फोन ठरावीक कोनात धरला तरच विजेचं चिन्ह यायचं. सोलापूरला अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे, तिथे एक दिवस मोडून गेलो. काउंटरवरच्या पोराने फोन उघडलाही नाही. "सब-बोर्ड बदलावा लागेल, अठराशे पन्नास, वॉरंटीत बसत नाही, धूळ गेली आहे." मी म्हटलं, धुळीसाठी सहा आकडा छापलाय ना? तर म्हणे ते आतल्या भागासाठी, भोक उघडंच असतं. यात चूक काही नव्हतं, तरी डोकं फिरलं.

परत आलो आणि बसस्टँडमागच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे सहा बाय आठ, काचेखाली कव्हरं, वर ठिगळ लावलेला पंखा. त्याने डोळ्याला भिंग लावलं, टॉर्च मारली आणि हसला. मग बारीक सुईने, आतल्या पट्टीला धक्का न लावता, कडेकडेने कोरायला लागला. दोन मिनिटांत कागदावर ज्वारीच्या दाण्याएवढी घट्ट गोळी पडली, हळदीसारखी पिवळी.

"जेजुरी?" त्याने विचारलं.

"जेजुरी."

ब्रशने साफ केलं, वायर लावली, फोन टुंग वाजला. पन्नास रुपये घेतले. वर वीस रुपयांचं एक रबरी बूचही दिलं, पुढच्या वारीत भोकाला लावायला. ते बूच आतापर्यंत दोनदा हरवलंय. तिसरं कालच आणलं.