पोस्ट की कुरिअर? सोलापुरातून माल आणि नोटीस पाठवणाऱ्यांसाठी, नव्या टपाल कायद्यासकट

गल्लीतल्या वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा धंदा फोनवरून सुरू केला, त्याला आता सहा महिने होतील. परवा विचारत होत्या, "भाऊजी, तुमचे टॉवेल पोस्टानं जातात का कुरिअरनं? आणि पोस्टाचा कायदा बदलला म्हणतात, त्यानं आपल्याला काय फरक पडतो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या दिलं: दोन्हीनं. दुसऱ्यासाठी बसावं लागलं, चहा दोनदा झाला.

जुना कायदा १८९८ चा. त्याच्या कलम ४ नुसार पत्रं वाहून नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा होता. म्हणजे सोलापुरातल्या नवी पेठेत इतकी वर्षं कुरिअरवाले आपली पाकिटं घेत होते, ती कागदोपत्री 'पत्रं' नव्हतीच, 'डॉक्युमेंट' होती. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी काही बोलत नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेनं नवा कायदा केला आणि १८ जून २०२४ पासून तो लागू झाला. त्यात ही मक्तेदारी उरलेली नाही. पोस्टाच्या एकट्याच्या हातात आता फक्त तिकिटं काढण्याचा हक्क आहे. दर ठरवणं आणि नव्या सेवा आणणं यासाठी खात्याला बरीच मोकळीक मिळाली. पत्ता कसा लिहायचा याची मानकं ठरवण्याचीही सोय कायद्यात आहे. मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन, म्हणजे दहा अक्षरी डिजिटल पत्ता, ही त्याच दिशेची गोष्ट. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला त्यात वेगळा कोड मिळतो.

आता वहिनींच्या कामाचा भाग. माल हरवला तर काय? जुन्या कलम ६ प्रमाणे हरवणं, उशीर, चुकीच्या घरी जाणं यांतल्या कशाचीच जबाबदारी पोस्टावर नव्हती, सरकारनं स्वतःहून जेवढी स्वीकारली तेवढीच. ग्राहक मंचात गेलेले कित्येक जण याच कलमावर आपटून परत आले. नव्या कायद्यात कलम १० आहे आणि सूर तोच: नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली तेवढीच. शिवाय टपाल चोरणाऱ्या किंवा फेकून देणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगणारं जुनं कलम नव्यात नाहीच. त्यासाठी आता सर्वसाधारण फौजदारी कायद्याचा रस्ता. म्हणजे आधुनिकीकरण झालं ते खात्याच्या सोयीचं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं फारसं काही सरकलं नाही, असं माझं मत. पण कुरिअर या बाबतीत साधू आहे असं समजू नका. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत त्यांनीही आपली जबाबदारी थोडक्या रकमेत बांधून घेतलेली असते, एकदा भिंग घेऊन वाचा. फरक इतकाच की तिथं तुम्ही करारावर भांडता, इथं कायदाच आडवा येतो. किमती माल असेल तर दोन्हीकडे विमा घ्यावा, पर्याय नाही.

पाकीट उघडण्याचा अधिकार हा जुना वाद. १९८६ मध्ये संसदेनं टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, ते तसंच पडून राहिलं. नव्या कायद्याच्या कलम ९ मध्ये राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी वगैरे कारणांसाठी टपाल अडवता येतं, आणि ते कोणत्या पद्धतीनं अडवायचं याचे लगाम कायद्यात दिसत नाहीत. चटणी पाठवणाऱ्याला याचं काही पडलेलं नसतं. पत्रकारानं, वकिलानं मात्र हे कलम स्वतः वाचावं.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. अमेरिकेनं २०२२ मध्ये टपाल सुधारणा कायदा केला, त्यात आठवड्यातून सहा दिवस टपाल वाटण्याचं बंधन लिहिलं. डेन्मार्कनं उलटं केलं. २०२४ पासून सगळीकडे पत्र पोहोचवण्याचं बंधनच काढून टाकलं, आणि २०२५ संपता संपता तिथल्या पोस्टानं पत्रवाटप थांबवलं. आपल्या कायद्यात किती दिवस आणि कुठवर, असा आकडा नाही. देशातली १ लाख ६४ हजारांच्या आसपास पोस्टं, त्यांतली नव्वद टक्के खेड्यांत, ती आज आहेत म्हणून आहेत. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या ब्रँच पोस्टात अजून ग्रामीण डाकसेवक बसतो, तो या कायद्यातल्या एखाद्या वाक्यामुळे नव्हे.

तरी निवड करताना खेडं हाच माझा पहिला निकष. सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर मी सहा टॉवेल कुरिअरनं पाठवले होते. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोन गेला, "तुमचा पत्ता आमच्या हद्दीत येत नाही, सांगोल्यात येऊन घेऊन जा." माणसानं बावीस किलोमीटर गाडी हाकली आणि वर मलाच शिव्या घातल्या. त्यानंतर तालुक्याच्या गावापलीकडचं सगळं पोस्टानं. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादला मात्र मी कुरिअर वापरतो. पोरगा संध्याकाळी सातला दुकानात येऊन माल उचलतो, पोस्टाची खिडकी तोवर कधीच बंद झालेली असते. ट्रॅकिंगचंही तसंच. ऑगस्ट २०२५ मध्ये पोस्टाची नवी संगणक प्रणाली आली, काउंटरवर यूपीआय चालू लागलं, हे चांगलंच झालं. पण माझं एक पार्सल पाच दिवस एकाच ठिकाणी 'पोहोचलं' असं दाखवत होतं आणि सहाव्या दिवशी अचानक गिऱ्हाइकाच्या घरात होतं.

नोटीस असेल तर मात्र विचारच करू नका, पोस्ट. सूत-कापडाच्या धंद्यात चेक परत येणं नवीन नाही. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि ती दिली हे पुढे कोर्टात दाखवावं लागतं. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २७ म्हणतं, बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं की ते पोहोचलं असं धरायचं, समोरच्यानं उलट सिद्ध करेपर्यंत. 'घेतलं नाही' असा शेरा मारून पाकीट परत आलं तरी तुमचं काम बहुधा झालेलं असतं. कुरिअरच्या पावतीला हे बळ नाही. कुरिअरवाल्याला साक्षीला कुठून आणणार?

पण रजिस्टर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. आता स्पीड पोस्ट करताना 'नोंदणी' वेगळी मागावी लागते, तरच पाकीट पत्त्यावरच्या कुणाच्याही हातात न जाता त्या माणसाला किंवा त्यानं नेमलेल्याला मिळतं. ऑक्टोबर २०२५ पासूनचे दर असे: पन्नास ग्रॅमपर्यंतचं कागदपत्र शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेर देशभर ४७, नोंदणीचे ५ वेगळे, वर जीएसटी. पूर्वी साधं रजिस्टर सव्वीस रुपयांच्या आत व्हायचं, तेव्हा महाग झालं हे खरंच. माझा वकील म्हणतो, घाईत नोंदणीची खूण राहून जाते आणि लोक नुसती स्पीड पोस्टची पावती घेऊन येतात. खिडकी सोडण्याआधी पावतीवर नोंदणीचे पैसे लागलेत का ते पाहा.

परदेशी माल पाठवायचा असेल तर पोस्टातली डाकघर निर्यात केंद्रं बघा. लहान पार्सलाचे निर्यातीचे कागद तिथं होतात, एजंटाची गरज लागत नाही. दोन टॉवेलसाठी एजंट परवडतच नाही.

वहिनींचं शेवटी असं ठरलं: भाकरी कुरिअरनं, कारण ती चुरायच्या आत पोहोचायला हवी. चटणी पोस्टानं, कारण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं माढा-करमाळ्याच्या वस्त्यांवर. चटणीचं तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्या आणि बाहेरून जुन्या चादरीचं कापड. ते शिवण्यासाठी दाभण माझ्याकडून नेलंय, अजून परत आलेलं नाही.