ख्रिस्ती नेतृत्व परिषद की मौनाची रिट्रीट? आधी सांगा, सोबत कोण येतंय

मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुण संघ, संडे स्कूल किंवा महिला मंडळ सांभाळणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दोन-तीन दिवसांची रजा आहे, मंडळी थोडाफार खर्च उचलणार आहे. मग नेतृत्व परिषदेला जावं की रिट्रीटला, म्हणजे काही दिवस मौनात राहून प्रार्थना करायला? गोव्यात दोन्हींची सोय आहे. वास्कोतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीकडून मी दोन्हीकडे जाऊन आलोय. आता कोणी सल्ला विचारला तर वक्ते, विषय, जेवण हे सगळं बाजूला ठेवून मी एकच विचारतो: एकटे जाताय की कोणी बरोबर आहे?

परिषदेत भरपूर मिळतं, यात वाद नाही. हॉटेलचा हॉल, गळ्यात नावाचा बिल्ला, सकाळी स्तुतिगीतं, मग एकामागून एक संदेश, दुपारी गटचर्चा. वही भरते. मोशेच्या सासऱ्याचा सल्ला तर हमखास येतो. बायबलमधल्या निर्गमच्या 18व्या अध्यायात इथ्रो त्याला बजावतो की दिवसभर तूच एकटा न्यायनिवाडा करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मंचावरून हे ऐकताना हजारोंची मंडळी डोळ्यांसमोर येते. चाळीस घरांच्या मंडळीला त्यातलं शेवटचंच लागू पडतं. दहा घरांमागे एक माणूस, ज्याला आजारी कोण आणि कोणाकडे पाळकसाहेब बरेच दिवसांत गेलेले नाहीत एवढं ठाऊक असेल. आम्ही तेवढंच उचललं, आणि ते टिकलं.

सगळ्यात कामाचं मात्र मला चहाच्या सुट्टीत मिळालं. कोल्हापूरकडच्या एका बाईंनी मोबाइलवर त्यांच्या अर्पणाच्या वहीचा फोटो दाखवला. उपासना संपली की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, दोघेजण पैसे मोजतात. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या नोटा वेगवेगळ्या रकान्यांत, नाणी शेवटी, खाली बेरीज आणि दोन सह्या. तिसरी सही दर महिन्याला बदलणाऱ्या एका साध्या सभासदाची. नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ एकत्र मोजायला बसायचे नाहीत, हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर.

ही पद्धत आमच्याकडे सुरू झाली, कारण खजिनदार माझ्याबरोबर परिषदेला आले होते. फोटो त्यांनी स्वतः पाहिला, शंका त्यांनीच विचारल्या, आणि परतीच्या बसमध्ये रकाने कसे आखायचे हेही ठरलं. मी एकट्याने येऊन हे मांडलं असतं तर त्यांना तो सरळसरळ संशय वाटला असता. एकटा परतलेला माणूस उत्साहाने बोलत राहतो, पंचकमिटी घड्याळाकडे बघते, ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून परिषदेला दोघं-तिघं, आणि त्यात एक तरी निर्णय घेणारा.

मंचावरच्या माणसाबद्दलही थोडं. अशा परिषदांतली सर्वांत गाजलेली ग्लोबल लीडरशिप समिट 1995 मध्ये शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चमधून सुरू झाली. तिचे संस्थापक बिल हायबल्स यांना 2018 मध्ये गैरवर्तनाच्या आरोपांनंतर पद सोडावं लागलं. आरोप त्यांनी नाकारले होते. त्याच वर्षी तिथल्या वडीलमंडळानेही, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांनीही, राजीनामा दिला. त्यामुळे माहितीपत्रक हातात आलं की वक्त्याच्या नावापुढची विशेषणं मी वाचत नाही. त्याला जाब विचारणारं कोणी आहे का, हे पाहतो.

आता रिट्रीट. उत्तर गोव्यातल्या बागा गावच्या खाडीपलीकडे टेकडीवर जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं रिट्रीट हाऊस आहे. तिथली परंपरा इग्नेशियस लोयोला यांची. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेल्या या सैनिकाने पुढे ध्यान-प्रार्थनेचा एक क्रम बांधला, आणि 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची. नोकरदारांसाठी तीन किंवा आठ दिवसांची छोटी रूपं असतात. इग्नेशियस यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्येच गोव्यात उतरले होते, तेव्हा हे इथे नवं नाही.

इथे वही भरत नाही. फोन बंद, जेवतानाही बोलणं नाही, दिवसातून एकदा मार्गदर्शक फादरांशी थोडं बोलणं. पहिला दिवस बहुतेकांचा झोपेत जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माणूस किती दमला होता ते तेवढ्यावरून कळतं. रात्री दिवसाची उजळणी करायची: कशासाठी आभार मानावेसे वाटले, कुठे मन कडू झालं, कोणत्या सभेचं नाव निघालं की पोटात गोळा येतो. हे शिकायला परिषद उपयोगाची नाही, कारण तिथे एवढी शांतता कोणी राहूच देत नाही. आणि सोबत ओळखीचं माणूस असेल तर रिट्रीट हमखास बिघडते. जिन्यात कुजबुज, मग अंगणात गप्पा, आणि संध्याकाळपर्यंत मंडळीचं राजकारण टेकडीवर.

आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतले काही जण कॅथलिक ठिकाण म्हणून बिचकतात. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) बसता येतं, पण त्यातलं कम्युनियन, म्हणजे प्रभुभोजन, सहसा कॅथलिकांपुरतंच असतं. एवढं पाळलं की अवघडायला होत नाही. भाषेचं मात्र दोन्हीकडे बघावं लागतं. परिषद बहुतेक इंग्रजीत चालते, आणि ज्यांना ती जड जाते ते गटचर्चेत गप्प बसतात. रिट्रीटमध्ये आपलं मराठी पवित्र शास्त्र पुरतं, पण मनातलं मराठीतच बोलायचं असेल तर तसं आधी कळवावं. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात झेवियरांचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), 3 डिसेंबरला फेस्त (सण). त्या दिवसांत फादरांनाही सवड नसते आणि हॉटेलांचे दरही चढे असतात.

मंडळीने एकाच माणसाचा खर्च मंजूर केला असेल तर त्याला बागाला पाठवा. परिषद दुसऱ्या जागेचे पैसे जमेपर्यंत पुढच्या वर्षावर ढकललेली बरी.