खुबा-गुडघ्याचा एमआरआय: तपासणी अव्वल, रिपोर्ट बरेचदा अर्धवट

ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) उपचार घेणारे मूल गुडघा दुखतो म्हणते, गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो नॉर्मल येतो आणि विषय तिथेच मिटतो. नेमकी इथे फसगत होते. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड्स ल्युकेमियाच्या पेशी मारतात, पण त्यांच्यामुळे हाडाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो. यालाच एव्हीएन म्हणतात. हे एक्स-रेवर उमटायला महिने लागतात, एमआरआयवर ते कितीतरी आधी दिसते. शिवाय खुब्याचे दुखणे मुले गुडघ्यात दाखवतात. म्हणून उपचार सुरू झाले तेव्हा दहा वर्षांच्या पुढे असलेल्या मुलांत (धोका त्यांनाच सर्वांत जास्त) दुखऱ्या गुडघ्यावर न थांबता दोन्ही खुबे आणि दोन्ही गुडघे एकदमच तपासावेत. हा आजार बहुधा एका सांध्यापुरता राहत नाही.

कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे) टी-वन आणि स्टिर हे दोन सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याचे प्रकार, मुख्य काम करतात. कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन सहसा लागत नाही. टी-वनवर हाडाच्या मज्जेतली चरबी पांढरी दिसते आणि मेलेल्या भागाभोवती काळी, नागमोडी कड उमटते, नकाशात बेटाचा किनारा काढावा तशी. कडेच्या आतली चरबी सुरुवातीला पांढरीच राहते. टी-टू या आणखी एका सिक्वेन्सवर त्याच कडेला लागून आत एक उजळ रेघ दिसली, तर निदान जवळपास पक्के. ल्युकेमिया परतला असेल तर अशी रेखीव कड सहसा नसते. पांढरी मज्जा सरसकट काळवंडते. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनांनंतरही मज्जा काळसर दिसते, त्यामुळे औषधांची यादी रेडिओलॉजिस्टच्या हातात असायलाच हवी. ती न देता रिपोर्ट मागणे हा मुलावर अन्याय आहे.

स्कॅन बिघडतो तो बहुधा घाईमुळे. दोन्ही खुबे एकाच मोठ्या चित्रात, जाड स्लाइसमध्ये घेतले की मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याची वरची कड पुसट होते, आणि हाड खचायला सुरुवात होते ती तिथेच. प्रत्येक खुब्याचे वेगळे, जवळून घेतलेले चित्र हवे. स्लाइस तीन-चार मिलिमीटरची आणि सॅजिटल प्रतलही (बाजूने पाहिल्यासारखे चित्र) हवे. मूल हलले की हे सगळे वाया जाते. मोठ्या मुलांना आवाजाची आणि वेळेची कल्पना आधी दिली की ती बहुतेक वेळा भुलीशिवाय निभावतात. भूल द्यावीच लागली तर आधी सहा तास जेवण बंद, स्वच्छ पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत. छातीत केमोपोर्ट (औषधे देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) असेल तर त्याचे कार्ड सोबत न्यावे.

आता तक्रार. ‘एव्हीएन आहे’ एवढ्यावर संपणारा रिपोर्ट ऑर्थोपेडिक सर्जनच्या फारसा कामाचा नाही. डाग (म्हणजे मेलेला भाग) सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचला आहे का, खुब्याच्या डोक्याचा किती टक्के भाग त्यात गेला, डोक्याची वरची कड खचली आहे का, भोवती सूज आहे का, हे चारही मुद्दे लिहिलेले हवेत. तीस टक्क्यांच्या पुढे गेलेला डाग खचण्याची भीती मोठी असते. उलट मांडीच्या हाडाच्या दांड्यात, सांध्यापासून दूर पडलेला डाग बहुधा काही त्रास देत नाही. तोही त्याच धास्तीच्या नावाने लिहिला की घर हादरते आणि मुलाचे खेळणे विनाकारण बंद होते.

इतर तपासण्यांबद्दल थोडक्यात. एक्स-रे एमआरआयच्या जोडीला हवाच, कारण या आजाराच्या पायऱ्या ठरवणाऱ्या आर्को पद्धतीत पहिली पायरी कोणती आणि दुसरी कोणती हे त्याच्याशिवाय ठरत नाही. त्यात पाय बेडकासारखे फाकवून घेतलेला फोटो असावा. बोन स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग आहे आणि डागाचे नेमके माप मिळत नाही. सीटी फक्त सांध्याखालच्या बारीक फ्रॅक्चरची शंका असेल तेव्हा. पूर्ण शरीराचा एमआरआय न दुखणारे डागही दाखवतो, पण खुब्याचा बारकावा त्यात हरवतो.

तपासणीला पाचपैकी पाच, बऱ्याच ठिकाणच्या रिपोर्टला तीनच. मागणीच्या कागदावर एवढे लिहून घ्या: ‘दोन्ही खुबे व गुडघे, स्टेरॉइड चालू, सांध्याच्या पृष्ठभागाचा टक्का कळवावा.’ फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. पुढच्या वेळी तेच सिक्वेन्स शेजारी ठेवले तरच डाग वाढला की नाही हे कळते.