स्वर्ल घालवायला कटिंगवालं पॉलिश का फिलरवालं ग्लेझ?

उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसायल्यात ना, तेच स्वर्ल; त्या क्लिअरकोटवरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरच्या, बारीक चरा आहेत, आणि आपल्या जालना-बीडकडं धूळ बसली की कोरडं फडकं मारायची सवय आहे, बहुतेक चरा त्यानंच पडतात.

ग्लेझ हातानं लावता येतं, मशीन नको, स्वस्तात काम. पण त्यातलं तेल अन् फिलर चरा फक्त भरतं, काढत नाही, म्हणून चार-दोन वॉश झाले की रेषा परत वर. लग्नाला किंवा गाडी विकायच्या आधी चालतंय.

कटिंगवाल्या पॉलिशमधलं अ‍ॅब्रेसिव्ह, म्हणजे घासणारे बारीक कण, क्लिअरकोटचा वरचा थर घासून सपाट करतं, म्हणजे चर खरंच जाते. क्लिअरकोट साधारण ४०-५० मायक्रॉन, केसापेक्षा पातळ, त्यामुळं दरवर्षी घासत बसू नका. आधी हलकं पॉलिश, मऊ फोम पॅड, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशिंग मशीन, छोट्या जागेवर टेस्ट, तेवढ्यानं नाही गेलं तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. नखाला अडकणारी चर मात्र सोडून द्या, ती खोल आहे. आणि एप्रिल-मेच्या उन्हात तर अजिबात नको, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं, सावलीत पत्रा गार झाल्यावरच करा.

माझं मत विचाराल तर काळ्या गाडीला पॉलिशच, वरून वॅक्स किंवा सीलंटचा संरक्षक थर. पांढरीवर रेषा कमी दिसतात, तिथं ग्लेझवर भागतंय. पॉलिशवाल्यानं नेमकं काय केलं ते बघायचं असेल तर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एक जागा पुसा, फिलर असेल तर रेषा लगेच दिसतील.