वनलूक: अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना काय जमतं आणि कुठे फसतं

शब्दकोडं अडलं, वर्डलमध्ये (पाच अक्षरी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) दोन अक्षरं हिरवी झाली, म्हणजे योग्य जागी बसली, किंवा सेमी इंग्रजीच्या वर्गासाठी शेवटी एम-बी असलेले शब्द हवे असले, की साध्या सर्च इंजिनवर फारसं काही हाती लागत नाही. ते अर्थ शोधतं, आणि आपल्याला हवी असते अक्षरांची रचना. या कामासाठी वनलूक ही साइट अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. 1996 पासून चालू आहे, मोफत आहे, खातं उघडावं लागत नाही. शेकडो ऑनलाइन शब्दकोशांतले शब्द एकाच खोक्यातून शोधता येतात. तिची खरी ताकद मात्र चिन्हांत आहे. ती माहीत नसतील तर ही साइट निम्मीच वापरली जाते.

खालच्या उदाहरणांत अक्षरांची नावं देवनागरीत दिली आहेत. खोक्यात रोमन अक्षरं टाइप करायची, मध्ये जागा न सोडता.

? म्हणजे नेमकं एक अक्षर. * म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. हा शून्याचा मुद्दा उपयोगी आहे: सी-ओ-एल-ओ, मग *, मग आर असं टाकलं तर कलरची ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं एकदम येतात. तिथे ? टाकलं तर फक्त ब्रिटिश येतं. # म्हणजे कोणतंही व्यंजन, @ म्हणजे कोणताही स्वर. इथे वाय हे अक्षर स्वरांत धरलेलं आहे. म्हणून ऱ्हिदम, क्रिप्ट, निम्फ असे ए-ई-आय-ओ-यू नसलेले शब्द शोधायचे तर @ च्या वाटेला जाऊ नये. * टाकून पुढे वजा चिन्ह आणि ती पाच अक्षरं लिहावीत. वजा चिन्हाचा अर्थ ‘यातलं एकही अक्षर नको’.

स्वल्पविराम हा या साइटचा सगळ्यात मोठा फायदा, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. त्याने दोन नमुने जोडता येतात: पाच प्रश्नचिन्हं, स्वल्पविराम, मग *वाय* म्हणजे ‘पाच अक्षरी आणि कुठेतरी वाय असलेला’. पण प्रत्येक नमुना शब्दावर वेगवेगळा तपासला जातो. दोन ई असलेला शब्द हवा म्हणून *ई* दोनदा लिहिलं, तर एकच ई असलेला शब्दही दोन्ही अटी पुऱ्या करतो आणि यादीत येतो. एकाच नमुन्यात *ई*ई* असं लिहिलं तरच काम होतं.

वर्डलसाठी एक नमुना करून पाहू. तिसरं अक्षर ए आणि पाचवं ई हिरवं; एस, एच, आर बाद; एल शब्दात आहे, जागा ठाऊक नाही. नमुना: ??ए?ई, लगेच वजा एस-एच-आर, मग स्वल्पविराम आणि *एल*. वजा चिन्ह ज्या नमुन्याचं आहे त्याच्याच शेवटी लावायचं. प्लेट, फ्लेम, ब्लेम, ग्लेझ असे शब्द येतात. आता एल दुसऱ्या जागी पिवळा झालेला असेल, म्हणजे शब्दात आहे पण त्या जागी नाही, तर हे सगळेच बाद. ‘या जागी हे अक्षर नको’ असं सांगायला वनलूककडे चिन्ह नाही, ही त्याची खरी उणीव. मग उरलेल्या जागा धरून दोनदा शोधायचं: एल?ए?ई आणि ??एएलई, दोन्हींना तेच वजा. पहिल्यातून लीव्ह, म्हणजे रजा, हा रोजच्या वापरातला शब्द मिळतो. दुसऱ्यातून जवळपास काही उरत नाही.

लिनक्स किंवा मॅकवर ग्रेप, म्हणजे मजकुरात नमुना शोधणारी आज्ञा, वापरता येत असेल तर ही अडचण राहत नाही, कारण चौकोनी कंसात टोपीचं चिन्ह (^) आणि अक्षर लिहिलं की त्या जागी ते अक्षर वगळलं जातं. पण मॅकमधली शब्दांची यादी 1934 च्या वेबस्टरवरून केलेली आहे. तिच्यात बहुतेक अनेकवचनं आणि ई-डी लावलेली रूपं नाहीत, नवे शब्द तर नाहीतच.

शब्दकोड्यासाठी विसर्गासारखं दिसणारं : हे चिन्ह अतिशय कामाचं. आधी नमुना, मग :, मग अर्थ. बी-एल-* नंतर : आणि ‘स्नो’ लिहिलं तर ब्लिझर्ड सापडतो. दोनच अक्षरं भरलेली असताना हे फार उपयोगी पडतं.

शिक्षकांसाठी #@# हा तयार खजिना आहे: कॅट, पेन, डॉगसारखे तीन अक्षरी शब्द. #@#ई मधून केक, बाइक मिळतात, पण त्याच यादीत हॅव, गिव्ह, कम, डन हेही येतात आणि ते शेवटच्या मुक्या ई चा (तो आधीच्या स्वराचा उच्चार लांबवतो हा) नियम पाळत नाहीत. कार्यपत्रिका छापण्याआधी ते हाताने काढावेच लागतात. *एमबी मधून थम, कोम (कंगवा), बॉम्ब येतात, आणि संक्षिप्त रूपंही. विशेषनामं, संक्षेप आणि दोन-तीन शब्दांचे वाक्प्रचार सगळे एकत्र येणं ही इथली कायमची कटकट आहे.

स्क्रॅबलसाठी, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द मांडण्याच्या खेळासाठी, मात्र जपून. // नंतर अक्षरं दिली की ती उलटसुलट लावून शब्द मिळतात: एल-आय-एस-टी-ई-एन पासून सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सेल. पण दिलेली सगळी अक्षरं वापरली जातात. कमी अक्षरांचे शब्द हवेत म्हणून *+ वापरलं तर वेगळाच घोळ होतो. + म्हणजे ‘फक्त हीच अक्षरं’, पण कितीही वेळा. टी-ई-एन दिल्यावर टेनेट येतो, त्याला दोन टी आणि दोन ई लागतात, आणि हातात सोंगट्या तीनच असतात.

यू नसलेले क्यूचे शब्द *क्यू* वजा यू ने चटकन मिळतात: निकाब, फकीर यांची इंग्रजी रूपं आणि सगळ्यात उपयोगी दोन अक्षरी ‘ची’, क्यू-आय. पण इराक आणि कतारही येतात, ते पटावर चालत नाहीत. शब्द खेळात चालतो की नाही हे वनलूक ठरवत नाही. उत्तर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक स्पर्धांत कॉलिन्स शब्दकोशाची स्क्रॅबल-यादी प्रमाण मानतात. 2019 च्या आवृत्तीत तिच्यात 2,79,496 शब्द होते, पैकी दोन अक्षरी 127. सापडलेला प्रत्येक शब्द तिथे तपासूनच पाठ करावा.

एक तांत्रिक सूचना: नमुना नेहमी साइटच्या खोक्यातच लिहावा. ब्राउझरच्या पत्त्यात थेट लिहिला तर # च्या पुढचा भाग सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही आणि + ची मोकळी जागा होते.