चिकट वॉलपेपरचा रोल : बेळगावच्या भाड्याच्या खोलीत तो कुठे टिकतो, कुठे सुटतो

मागचा कागद सोलायचा आणि चिकटवून मोकळं व्हायचं, असा हा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचा रोल. रुंदी ४५ सेंटीमीटर, लांबी १० मीटर, किंमत बहुतेक ठिकाणी तीन-चारशेच्या घरात. रंगारी नको, शिडी नको, सामान बाहेर काढायला नको. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला आणखी काय हवं? म्हणूनच भाड्याचं घर थोडक्यात सजवायचं म्हटलं की पहिली खरेदी याचीच होते. वस्तू वाईट नाही. पण आपल्याकडे ती नेमकी चुकीच्या जागी लावली जाते, ती म्हणजे भिंतीवर. भिंतीसाठी या रोलला ५ पैकी दीड गुण, लोखंडी कपाट आणि गुळगुळीत दारासाठी ४. मधला अडीच गुणांचा फरक का, ते नीट समजून घ्या. तीनशे रुपयांच्या रोलपायी डिपॉझिटमधून हजारो रुपये कापले जाऊ शकतात.

पहिलं कारण भिंत. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्या, टिळकवाडीतली कौलारू घरं, तिथून खाली खानापूरपर्यंत जांभ्याची आणि चुन्याच्या गिलाव्याची बांधकामं अजून भरपूर आहेत. जांभा सच्छिद्र. मृगापासून पाणी पिऊ लागतो आणि पावसाळा सरल्यावर हळूहळू ते बाहेर सोडतो. चुन्याची भिंत हे पाणी खोलीच्या बाजूनेही सोडते, त्यामुळे ती ओलसर झाली तरी दिवाळीपर्यंत सुकते. तिच्यावर पीव्हीसीचा पापुद्रा चिकटवला की ही वाट बंद. पाणी कागदामागे अडतं, सोबत आलेले क्षार तिथेच साचतात, लोणा फुलतो आणि गोंदाला धरायला उरते ती भुकटी. वरून कागद छान दिसत असतो, आत काळी बुरशी चढत असते. खोलीत शिरल्यावर ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर सांध्याची कड नखाने उचलून बघा.

दुसरं कारण रंग. भाड्याने द्यायच्या खोलीला बहुतेक मालक साधा डिस्टेंपर किंवा चुनाच मारतात. भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरं लागलं तर त्या भिंतीला कोणताही गोंद धरणार नाही, मग रोल कितीही महाग असो. कागद भिंतीला चिकटतच नाही, तो चिकटतो त्या भुकटीला.

रोल मागवण्याआधी दोन चाचण्या करा, खर्च शून्य. पहिली चिकटपट्टीची : पॅकिंगची चिकटपट्टी वीतभर लावून घट्ट दाबा, दहा मिनिटांनी झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचा पापुद्रा आला तर विषय संपला. दुसरी ओलीची : जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन कापून चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे, खिडकी उघडी ठेवून तिच्यावर उपाय होतो. ही चाचणी जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि छातीच्या उंचीवर अशी दोन्हीकडे करा. खालून चढणारी ओल बहुधा पहिल्या तीनएक फुटांतच असते.

आणि हे सगळं करायचं कधी? लोक रोल आणतात गणपतीच्या तोंडावर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी. अडीच-तीन महिने पाऊस पिऊन भिंत तेव्हा तुडुंब झालेली असते. लावल्या दिवशी कागद धरतो, आरतीला आलेली मंडळी कौतुकही करतात आणि अनंत चतुर्दशीच्या आत वरची कड कुरळी होऊन खाली लोंबायला लागते. लावायचाच असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल. गणपतीच्या मागच्या सजावटीला कापड ताणा.

आता हिशेब, कारण इथे हमखास फसगत होते. दहा फूट रुंद, नऊ फूट उंच भिंत म्हणजे ९० चौरस फूट. एक रोल सुमारे ४८ चौरस फुटांचा. लोक भागाकार करतात आणि दोन रोल आणतात. पण कागद उभ्या पट्ट्यांत लागतो. दहा फूट म्हणजे ३०५ सेंटीमीटर, त्याला ४५ ने भागलं की सात पट्ट्या. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटीमीटर, वर-खाली कापायला आठ सेंटीमीटर जादा धरले तर पट्टी २८२ ची. दहा मीटरमध्ये अशा तीनच पट्ट्या बसतात आणि दीड मीटर तुकडा उरतो. दोन रोलमध्ये सहा पट्ट्या झाल्या, सातवीसाठी तिसरा रोल आला! नक्षी जुळवायची असेल तर प्रत्येक पट्टीमागे आणखी कागद वाया जातो. पाकिटावर नक्षी किती सेंटीमीटरांनी परत येते ते छापलेलं असतं, तो आकडा आधी बघा. बारीक ठिपक्यांची किंवा उभ्या रेषांची नक्षी यात सगळ्यात स्वस्त पडते, विटांची महाग.

काटकसर म्हणून अर्धी भिंत करायची, चार फुटांपर्यंत, हा सल्ला सगळीकडे मिळतो. गणित सुंदर जमतं : १२२ सेंटीमीटरच्या आठ पट्ट्या एका रोलमधून निघतात आणि दहा फुटांची भिंत एकाच रोलमध्ये भागते. पण ओल चढते ती याच चार फुटांत. बेळगाव-खानापूरकडे तळमजल्यावर राहत असाल तर हा सल्ला सरळ सोडून द्या. नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, बाहेरच्या बाजूला नसलेल्या आतल्या भिंतीवर, पुट्टी आणि प्लास्टिक पेंट असेल तर चालेल.

अथणी, रायबागकडे पाऊस कमी, तिथे ओलीचा प्रश्न मागे पडतो आणि उन्हाचा पुढे येतो. दुपारचं ऊन खाणारी पश्चिमेची भिंत तापली की गोंद मऊ पडतो आणि लावताना ताणलेला कागद आखडून मूळ मापावर यायला बघतो. एप्रिल-मेमध्ये सांध्यांत पांढऱ्या रेघा दिसायला लागतात त्या यामुळे. उपाय सोपा आहे. लावताना कागद ओढू नका, सोडत सोडत दाबत जा.

मग रोल लावायचा कुठे? भाड्याच्या घरातली सगळ्यात ओबडधोबड दिसणारी वस्तू बहुधा लोखंडी कपाट असते, रंग उडालेलं, जुन्या स्टिकरांच्या खुणा असलेलं. या रोलचं खरं काम तिथे. आधी कपाट भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडं पुसा, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. हाताचं तेल राहिलं तर कड तिथूनच सुटते. गंजाचे फोड १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करा, नाहीतर कागदावर पुटकुळ्या दिसतात. हँडल आणि कुलपाची पट्टी स्क्रू काढून बाजूला ठेवा. त्यांच्याभोवती कागद कापत बसलं की काम हमखास बिघडतं. दोऱ्याला कुलूप बांधून ओळंबा करा आणि पेन्सिलने एक उभी रेघ मारा. कपाट स्वतः तिरपं उभं असू शकतं, तसं असेल तर रेघ कपाटाच्या कडेला समांतर मारा, नाहीतर नक्षी उतरती दिसेल. मागचा कागद एकदम सोलू नका. वरून वीतभर सोला, चिकटवा, मग एका हाताने खालून कागद ओढत दुसऱ्या हाताने सुती फडक्याची घडी मधून कडेकडे फिरवा. फुगा राहिला तर सुईने टोचून हवा दाबून काढा, ब्लेडने चीर देऊ नका. कडेला दोन सेंटीमीटर कागद आत वळवा आणि वळणावर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा द्या, कागद मऊ होऊन कोपऱ्याला बसतो. ब्लेड नवीनच हवं. बोथट ब्लेडने कागद कापला जात नाही, फाटतो. दोन दारांच्या कपाटाला, फक्त दर्शनी बाजूला, एक रोल पुरतो आणि उरतो.

स्वयंपाकघरात टाइल्स, फळ्या आणि ट्रॉलीची दारं यांना चालेल. शेगडीपासून दोन फूट लांब ठेवा, पीव्हीसी तापून वितळतं आणि पेटही घेऊ शकतं. सिंकखालच्या कपाटात लावू नका.

भिंत सजवायचीच असेल तर रोल भिंतीला लावण्याऐवजी प्लायला लावा. यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. ४ मिलीमीटर प्लायचा सहा फूट बाय चार फुटांचा तुकडा सुताराकडून कापून घ्या. चार फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर, दोन्ही कडांना मागे वळवायला पाच-पाच धरले की १३२. तीन पट्ट्या मिळून १३५ होतात, अगदी बेताने बसतं. प्रत्येक पट्टी १९३ सेंटीमीटरची, तिन्ही मिळून पावणेसहा मीटर. एका रोलमध्ये बोर्ड होऊन चार मीटर कागद उरतो. पण प्लायच्या मागच्या बाजूला ऑइल प्रायमरचा एक हात मारल्याशिवाय बोर्ड उभा करू नका. पुढून कागदाने बंद आणि मागून उघडा राहिला तर प्लाय पावसात एकाच बाजूने ओल ओढतो आणि पापडासारखा वाकतो. बोर्ड भिंतीला टेकवताना मागे इंचभर लाकडी पट्ट्या ठेवा, म्हणजे भिंतीला हवा मिळते. खोली सोडताना बोर्ड सोबत येतो, मालकांशी बोलण्याचा प्रसंगच येत नाही.

उरलेल्या भिंतींना कापड पुरे. शहापूर-वडगावात मागाच्या साड्या आणि घरोघरी इरकली असताना छापील प्लास्टिकवर पैसे घालवणं जिवावर येतं. साडेपाच मीटरच्या जुन्या सहावारीतून सात फुटी दाराचे दोन पडदे निघतात : वरची नळी आणि खालची दुमड धरून प्रत्येकी २३३ सेंटीमीटर. शिल्लक ८४ सेंटीमीटरमधून १६ इंची उशीचे दोन अभ्रे, पाकिटासारखे, चेन न लावता. साडीचा पन्हा ११५ सेंटीमीटरच्या आसपास असतो, तो तीन फुटी दाराला एकेरी पुरतो. चार फुटी खिडकीला मात्र दोन्ही तुकडे लागतात, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा टांगलेल्या टॉवेलसारखा दिसतो. खिळे ठोकायची परवानगी नसेल तर चौकटीत अडकणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. लाकडी चौकटीत तो पक्का बसतो. गिलाव्यात डिस्टेंपरवरून घसरतो, म्हणून टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा. पडद्याची वायर लावायची असेल तर १२२ सेंटीमीटरच्या खिडकीला ११० सेंटीमीटरच कापा, तोकडी असली तरच ताण राहतो. चिकट हुक डिस्टेंपरवर रात्रीत पडतात. टाइल, काच, स्टील किंवा ऑइल पेंटवर लावा आणि वजन दुसऱ्या दिवशी टांगा.

ट्यूबलाइटच्या जागी ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी दिवा घेतला तर भिंतीवरचे ओलीचे डाग कमी जाणवतात. दिवा भिंतीला लागून नको, तिरपा उजेड पडला की गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. कोपऱ्यात खानापूरची मातीची कुंडी शोभते, फक्त खाली बशी ठेवा, शहाबादी फरशीवर पाण्याचं वर्तुळ उमटलं की सहज जात नाही.

ज्यांनी आधीच भिंतीला कागद लावला आहे, त्यांनी तो काढताना घाई करू नये. उन्हाळ्यात काढा. वरच्या कोपऱ्याला ड्रायरची हवा द्या, सुटलेली कड भिंतीला समांतर, स्वतःवरच दुमडत हळूहळू खाली ओढा. भिंतीपासून काटकोनात ओढलं तर गिलाव्याचे पोपडे सोबत येतात. राहिलेला गोंद कपाटावरून खोबरेल तेलाने निघतो. भिंतीवर तेल किंवा रॉकेल लावू नका, तो डाग नव्या रंगातूनही वर येतो. तिथे कोमट साबणाचं पाणी आणि संयम. खड्डे पुट्टीने भरून घासल्यावर तेवढाच ठिगळ रंगवू नका, जुन्या डिस्टेंपरशी नवा हात कधीच जुळत नाही. कोपरा ते कोपरा पूर्ण भिंत घ्या. आणि खोलीत राहायला येतानाच प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. आधीची ओल आपल्या नावावर लागू नये.

उरलेला रोल छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि कपाटात आडवा ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलात तर मे महिन्यात गोंद कडेने पाझरून पूर्ण रोल एकसंध दांडका होतो, मग तो उलगडतच नाही.